साइड लोब खाली आणायचे तर: ५.८ गिगाहर्ट्झचा आठ पॅचचा ॲरे, पहिल्यापासून

पॅच म्हणजे बोर्डवरचा तांब्याचा आयताकृती अँटेना, अशा पॅचची रांग म्हणजे ॲरे, आणि ॲरेच्या मुख्य झोताच्या (मेन बीमच्या) आजूबाजूला निघणारे नको असलेले छोटे झोत म्हणजे साइड लोब. ते खाली आणायला मधल्या पॅचना जास्त आणि कडेच्यांना कमी पॉवर देतात. म्हणून माझ्याकडे प्रोजेक्टसाठी येणाऱ्या मुलांचा पहिला प्रश्न या वाटपाच्या दोन पद्धतींचा असतो: "मॅडम, चेबिशेव्ह घेऊ की टेलर?" त्यावर मी विचारते, तुमचा पीसीबीवाला किती बारीक ट्रॅक नीट काढून देतो? फीडच्या, म्हणजे पॅचना पॉवर पोचवणाऱ्या ट्रॅकच्या जाळ्याच्या, आठही टोकांची फेज (लाट कोणत्या टप्प्यावर आहे ते) मोजायची सोय आहे का? पॅटर्न (कोणत्या दिशेला किती सिग्नल जातो त्याचा आलेख) कुठे घेणार, गच्चीवर की परावर्तन शोषणाऱ्या चेंबरमध्ये? मुलं जरा गोंधळतात, पण साइड लोब किती खाली जाणार हे या तीन प्रश्नांवरच ठरतं. डॉल्फ यांनी १९४६ साली चेबिशेव्ह बहुपदी ॲरेला लावून दाखवली, तेव्हापासून गुणांकांचा, म्हणजे कोणत्या पॅचला किती द्यायचं त्या आकड्यांचा, तक्ता तयार आहे. तिथे आता कोणी अडत नाही. सगळे अडतात ते फीडमध्ये.

मी भोसरीत रस्त्याकडेला लावायच्या रडार सेन्सरचे अँटेना करते. शेजारच्या लेनमधला ट्रक साइड लोबमधून दिसला, की समोरच्या लेनमधल्या मोटारसायकलचा वेग म्हणून ट्रकचाच वेग छापला जातो, कारण ट्रककडून परत येणारा सिग्नल मोटारसायकलच्या कितीतरी पट मोठा असतो. त्यामुळे साइड लोब हा आमच्याकडे पोटापाण्याचा विषय आहे. इथे उदाहरण घेतलंय ५.८ गिगाहर्ट्झचं. एक तर तो ५.७२५ ते ५.८७५ च्या आयएसएम (औद्योगिक, वैज्ञानिक, वैद्यकीय वापराच्या) पट्ट्यात येतो, बऱ्याच कॉलेजांतले व्हीएनए (मॅग्निट्यूड आणि फेज मोजणारे नेटवर्क ॲनलायझर) ६ गिगाहर्ट्झपर्यंत चालतात, आणि ५१.७ मिमी तरंगलांबीला सगळी मापं साध्या व्हर्नियरने तपासता येतात.

आधी चुकांचा हिशोब

आठही पॅचना सारखी पॉवर दिली तर पहिला साइड लोब मेन बीमच्या जेमतेम १३ डीबी (डेसिबल; दर १० डीबीला पॉवर दहापट कमी) खाली असतो. समजा आपल्याला २० डीबी हवेत. तक्त्यातून २० डीबीचे गुणांक काढून कामाला लागलात तर हाती येतील १७ किंवा १८, कारण प्रत्यक्ष ॲरेत प्रत्येक पॅचचं मॅग्निट्यूड आणि फेज थोडी चुकलेली असते. ही चूक किती महागात पडते याचा अंदाज कागदावर निघतो. मॅग्निट्यूडमधल्या सरासरी चुकीचा वर्ग घ्या, त्यात फेजमधल्या चुकीचा (रेडियनमध्ये) वर्ग मिळवा, आणि पॅचची संख्या गुणिले टेपरची (मधून कडेकडे पॉवर कमी करत नेण्याची) कार्यक्षमता, म्हणजे इथे साधारण ८ गुणिले ०.९, याने भागा. मेन बीमच्या तुलनेत चुकांमुळे सगळीकडे पसरणारी सरासरी पॉवर मिळते.

मॅग्निट्यूड १० टक्के आणि फेज ६ अंश चुकली, तर हे उत्तर येतं सुमारे २५ डीबी खाली. म्हणजे २५ डीबीचा ॲरे डिझाइन केला असेल, तर चुकांचा गोंगाटच साइड लोबइतका उंच झाला. दोन्ही एकाच दिशेला जुळून आले तर १९ डीबीच उरतात. याच चुका निम्म्या केल्या, ५ टक्के आणि ३ अंश, तर गोंगाट ३१ डीबीवर जातो आणि जुळून आले तरी साडेएकवीस डीबी हातात राहतात.

म्हणून या ॲरेसाठी माझा नियम असा: हवेत २० डीबी, डिझाइन २५ डीबीचं, आणि फीडला मुभा ५ टक्के व ३ अंशांची. पुढचा प्रत्येक निर्णय या ३ अंशांकडे बघून घ्यायचा. पॅच कमी असतील तर चुका एकमेकींना कमी खोडतात, त्यामुळे लहान ॲरेवर जास्त कडक लक्ष ठेवावं लागतं. चार पॅचच्या ॲरेत ३० डीबीचा हट्ट धरणाऱ्यांना मी हाच हिशोब मांडून दाखवते.

गुणांक आणि अंतर

आठ पॅच आणि २५ डीबीसाठी चेबिशेव्हचे गुणांक मधून कडेकडे असे येतात: १, ०.८४, ०.५८, ०.३८. दुसरी बाजू आरशासारखी. हे मॅग्निट्यूड आहेत. पॉवर हवी तर वर्ग करा: १, ०.७१, ०.३४, ०.१४. मुलं इथे घसरतात. डिव्हायडर पॉवरच्या प्रमाणात काढायचा आणि आकडे मॅग्निट्यूडचे घालायचे, असं झालं की टेपर अर्धवट राहतो आणि सिम्युलेशनमध्ये साइड लोब का उतरत नाहीत ते कळत नाही.

किंमत काय मोजावी लागते? डायरेक्टिव्हिटी सुमारे अर्धा डीबी कमी होते आणि ०.७ तरंगलांबी अंतरावर बीम ९ अंशांवरून ११ अंशांपर्यंत रुंदावतो. हा सौदा मला नेहमीच परवडतो. टेलरचं वाटप (१९५५) मोठ्या ॲरेत कामाला येतं. वीस-पंचवीस पॅच झाले की चेबिशेव्हमध्ये कडेच्या पॅचला शेजाऱ्यापेक्षा जास्त पॉवर द्यायची वेळ येऊ शकते, आणि ते फीडमध्ये बसवणं कटकटीचं. आठ पॅचना चेबिशेव्ह पुरतो.

दोन पॅचमधलं अंतर ०.७ तरंगलांबी, म्हणजे ३६.२ मिमी ठेवलंय. याच गुणांकांना ०.८४ च्या पुढे गेलात तर क्षितिजाकडून ग्रेटिंग लोब (मेन बीमची नको असलेली नक्कल) डोकवायला लागतो. खूप जवळ आणले तर कपलिंग (पॅचचा एकमेकांवरचा परिणाम) वाढतं आणि फीडला जागा उरत नाही. ०.७ ला दोन्ही बाजूंनी मोकळीक आहे.

एक ध्यानात असू द्या: एका रांगेतला ॲरे एकाच प्रतलातले साइड लोब सांभाळतो. आडव्या रांगेने लेन वेगळ्या होतील, पण वर-खाली बीम एका पॅचइतकाच रुंद राहील. तिथेही आवर घालायचा तर चार-आठ रांगा लागतात.

पॅच

सब्सट्रेट, म्हणजे बोर्डचा तांब्याखालचा थर, रॉजर्स ४००३सी, ०.८१३ मिमी जाडीचा. त्याचा डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट डिझाइनसाठी ३.५५ धरा, ३.३८ नाही. कंपनीच्या डेटाशीटमध्ये दोन्ही आकडे आहेत, आणि मायक्रोस्ट्रिपला पहिलाच लागू पडतो. एफआर४ वर, म्हणजे नेहमीच्या पीसीबी मटेरियलवर, हा ॲरे करू नका. लॉस तर आहेच, पण त्याहून वाईट म्हणजे प्रत्येक बॅचला त्याचा कॉन्स्टंट बदलतो, आणि आपली ३ अंशांची मुभा तिथेच संपते.

नेहमीच्या सूत्रांनी पॅचची रुंदी १७.१ मिमी आणि लांबी १३.५ मिमी येते. कडेला इनपुट रेझिस्टन्स साधारण २७५ ओहम. फीडच्या सगळ्या लांब लाइन्स मी १०० ओहमच्या ठेवते, म्हणून पॅचमध्ये इनसेट (कडेतून आत जाणारी खाच) घेऊन १०० ओहमवर यायचं. इनसेटची खोली सुमारे ४ मिमी येते, नेमका आकडा सिम्युलेशनमध्ये बसवून घ्या. १०० ओहमचा ट्रॅक ०.४६ मिमी रुंद असतो, ५० चा १.८ मिमी. बारीक ट्रॅक कमी रेडिएट करतो, आणि फीड समोरच्याच तोंडावर असताना हे फार मोलाचं असतं.

इतक्या पातळ सब्सट्रेटवर बँडविड्थ दीड टक्का, म्हणजे जवळपास ९० मेगाहर्ट्झच मिळते. आमच्या सीडब्ल्यू डॉपलर (सतत एकच लाट सोडून वेग मोजणाऱ्या) सेन्सरला ती पुरून उरते. पूर्ण आयएसएम पट्टा हवा असेल तर १.५२४ मिमीवर जावं लागेल. पण मग फीडच्या लाइन्स रुंद होतात आणि जास्त रेडिएट करतात. पॅचला जाड सब्सट्रेट हवा असतो आणि फीडला पातळ, ही ओढाताण एका बोर्डवर सुटत नाही. ती सोडवायला पोझार यांनी १९८५ मध्ये मांडलेलं ॲपर्चर कपलिंग आहे: फीड ग्राउंडच्या (पॅचमागच्या अखंड तांब्याच्या थराच्या) मागे वेगळ्या बोर्डवर, आणि ग्राउंडमधल्या फटीतून पॅचला जोडणी. ३० डीबीच्या खाली जायचं असेल तर मी तिकडेच वळेन.

फीड: सगळा जीव इथे

पहिल्या जोडावर अर्ध्या ॲरेची पॉवर आतल्या दोन पॅचकडे आणि बाहेरच्या दोन पॅचकडे ३.५३ ला १ या प्रमाणात वाटायची आहे. सरळ ५० ओहमच्या लाइनला टी-जोड दिला, तर बाहेरची फांदी २२६ ओहमची निघते. या सब्सट्रेटवर तिची रुंदी होते ०.०२ मिमी. असा ट्रॅक कोणीही काढून देणार नाही. इथे अडकलेली मुलं टेपर सौम्य करतात आणि साइड लोब सोडून देतात. तसं करायची गरज नाही.

युक्ती अशी. जोडापासून दोन्हीकडे पाव तरंगलांबीचे तुकडे काढा आणि दोन्ही तुकड्यांच्या पलीकडच्या टोकांना सारखाच लोड, १०० ओहम, असू द्या. मग दोन टोकांवरच्या मॅग्निट्यूडचं प्रमाण हे तुकड्यांच्या इम्पीडन्सच्या बरोबर उलटं असतं. पाटाचं पाणी वाफ्यांत सोडताना दार किती उघडायचं ते जसं हाताशी असतं, तसं वाटप तुमच्या हाती येतं, आणि दोन्ही तुकडे ९० अंशांचे असल्यामुळे फेज आपोआप सारखी राहते. आकडे असे बसतात.

आतल्या जोडीत (१ आणि ०.८४) ७० आणि ८३ ओहमचे तुकडे. जोडावर दिसतात २८.७ ओहम, ते ५३.५ ओहमच्या पाव तुकड्याने पुन्हा १०० वर आणा. बाहेरच्या जोडीत (०.५८ आणि ०.३८) ७० आणि १०८. तिथे जोडावर ३४.६ ओहम, ते ५९ ओहमच्या तुकड्याने १०० वर. या दोन्ही १०० ओहमच्या लाइन्स जिथे भेटतात तिथे आतल्या बाजूला ५६ आणि बाहेरच्या बाजूला १०५ ओहम. तिथे दिसतात २४.५ ओहम, आणि ते १०० वर न्यायला ४९.५ ओहमचा तुकडा लागतो. शेवटी डावा आणि उजवा अर्धा, दोन्ही १०० ओहमचे, मध्यभागी एकत्र आले की बरोबर ५० ओहम होतात आणि एसएमए कनेक्टर थेट बसतो. सगळ्यात बारीक ट्रॅक आहे १०८ ओहमचा, ०.३७ मिमी. तो कुठलाही बरा पीसीबीवाला काढून देतो.

आता ३ अंशांकडे वळू. ५६ ओहमचा पाव तुकडा ७.८ मिमी लांब असतो, १०५ ओहमचा ८.१ मिमी. रुंद ट्रॅकमध्ये फील्ड डायइलेक्ट्रिकमध्ये जास्त असतं, म्हणून तिथे लाट हळू जाते. लेआउट करताना दोन्ही तुकडे ७.८ चेच कॉपी-पेस्ट केले तर बाहेरच्या चार पॅचची फेज साडेतीन अंशांनी सरकते. अख्खी मुभा एका कॉपी-पेस्टमध्ये गेली. शिवाय जोडाला स्वतःची रुंदी असते, ट्रॅकची रुंदी एकदम बदलते तिथे थोडी फेज जाते, आणि वळणावर कोपरा कापला नाही तर तिथेही. म्हणून सूत्रांनी काढलेल्या लांब्या ही फक्त सुरुवात समजा. प्रत्येक जोड स्वतंत्रपणे पूर्ण ईएम (इलेक्ट्रोमॅग्नेटिक) सिम्युलेशनमध्ये घाला, तीन पोर्ट लावा, दोन्ही टोकांची फेज अर्ध्या अंशात जुळेपर्यंत लांबी हलवा, आणि मगच सगळे जोड एकत्र करा. १०० ओहमच्या लाइनवर एक अंश म्हणजे ०.०९ मिमी. लेआउटची ग्रिड ०.०१ मिमीवर ठेवा.

आणखी एक सापळा. जागा वाचवण्यासाठी काही पॅच वरून आणि काही खालून फीड केले, तर आरशातल्या पॅचचं फील्ड उलटं होतं. तिथे अर्धी तरंगलांबी जादा द्यावी लागते, आणि ती जादा लांबी एकाच फ्रिक्वेन्सीला बरोबर असते. आठही पॅच एकाच बाजूने फीड करा.

कडा

मधल्या पॅचला दोन्हीकडे शेजारी असतात, टोकाच्याला एकीकडेच. त्यामुळे टोकाच्या पॅचची रेझोनन्स फ्रिक्वेन्सी आणि मॅग्निट्यूड दोन्ही थोडी हलतात. उपाय साधा आहे: दोन्ही टोकांना एकेक नकली पॅच ठेवा, तेवढ्याच अंतरावर, आणि त्याची १०० ओहमची लाइन १०० ओहमच्या चिप रेझिस्टरमधून व्हायाने (बोर्डमधल्या तांब्याने मढवलेल्या भोकाने) ग्राउंडला टेकवा. बोर्ड ७२ मिमीने लांबतो, पण खऱ्या आठ पॅचना सारखं वातावरण मिळतं.

पीसीबीच्या ऑर्डरमध्ये दोन गोष्टी स्पष्ट लिहा. पॅच आणि फीडवर सोल्डर मास्क नको, तो फ्रिक्वेन्सी खाली ओढतो. आणि ट्रॅकच्या रुंदीचा टॉलरन्स किती मिळेल ते लेखी मागा. एचिंगमध्ये ०.०५ मिमी जास्त खाल्लं गेलं, तर शंभर ओहमच्या वरच्या बारीक ट्रॅकचा इम्पीडन्स सहाएक ओहमने वाढतो, म्हणजे तिथेच ५ टक्के मुभा संपत आली.

सिरीज फीडबद्दल थोडं

२४ आणि ७७ गिगाहर्ट्झच्या रडारमध्ये बहुतेक ठिकाणी एकामागोमाग एक जोडलेले, रुंदी बदलत जाणारे पॅच दिसतात. तिथे अर्ध्या तरंगलांबीच्या लाइन्समुळे प्रत्येक पॅचवर व्होल्टेज सारखंच येतं आणि रेडिएशन ढोबळमानाने रुंदीच्या प्रमाणात होतं. म्हणून रुंद्याच १, ०.८४, ०.५८, ०.३८ या प्रमाणात ठेवतात. फीड जवळजवळ नसतंच, त्यामुळे त्याचं रेडिएशनही नाही. पण लांबी बदलायला विसरू नका. आपल्याच सब्सट्रेटवर १७.१ मिमी रुंद पॅचची लांबी १३.५, तर ६.५ मिमी रुंद पॅचची १४ मिमी येते. अर्ध्या मिमीचा हा फरक टोकाच्या पॅचला सुमारे २०० मेगाहर्ट्झने बाजूला नेतो, आणि पॅचची बँडविड्थ आहे ९० मेगाहर्ट्झ. सगळ्यांची लांबी एकच ठेवली, तर कडेचे पॅच नुसते शोभेला राहतात.

मोजणी

ॲरेसोबतच त्याच पॅनेलवर नुसत्या फीडचा एक बोर्ड करून घ्या. आठ टोकांना पॅचऐवजी ७०.७ ओहमचा पाव तुकडा देऊन ५० ओहमवर या आणि आठ एसएमए लावा. एका टोकावर व्हीएनए, बाकी सात टोकांवर ५० ओहमचे टर्मिनेशन. लॉस सोडून मधून कडेला आकडे यायला हवेत ६.४, ७.९, ११.१ आणि १४.९ डीबी. लॉस आठही टोकांवर जवळपास सारखाच असतो, म्हणून फरकांकडे बघा: ०.४ डीबी आणि ३ अंशांच्या आत असेल तर पुढे जा. हा बोर्ड न करता थेट पॅटर्न घेणाऱ्यांना साइड लोब वर का आले ते नेमकं कधीच सांगता येत नाही.

पॅटर्नसाठी ॲरेची लांबी २७० मिमी धरली तर दोन अँटेनांमध्ये किमान २.८ मीटर अंतर लागतं. जागा असेल तर पाच-सहा मीटर ठेवा. मोकळ्या गच्चीवर काम होतं, पण जमिनीवरून किंवा पाण्याच्या टाकीवरून येणारा परावर्तित सिग्नल फार फसवतो. २५ डीबीचा साइड लोब मोजताना ३० डीबी खालचं एखादं परावर्तन मिसळलं, तर तोच लोब कधी २१ दिसेल, कधी ३२. तपासायची पद्धत: एक पॅटर्न घ्या, ॲरे १३ मिमी पुढे सरकवून पुन्हा घ्या, मग २६ मिमी. लोबची उंची हलली तर ती जागेची करामत आहे. ती स्थिर राहिली तरच ती तुमच्या ॲरेची.

स्थिर आकडा आल्यावर पॅटर्नचा आकार नीट वाचा. डावे-उजवे लोब सारखे पण अपेक्षेपेक्षा वर असतील आणि नल (दोन लोबांमधले खड्डे) खोल असतील, तर टेपर कमी पडतोय. ५६/१०५ चा जोड पहिल्यांदा बघा. नल भरले असतील आणि मेन बीमला खांदे आले असतील, तर मधल्या आणि कडेच्या पॅचमध्ये फेजचा फरक आहे, पुन्हा त्याच जोडाच्या लांबीत. एका बाजूचा लोब वर आणि दुसऱ्या बाजूचा खाली असेल, तर डाव्या-उजव्या अर्ध्यात काहीतरी वेगळं आहे, बहुधा एखादा ट्रॅक जास्त खाल्ला गेलाय किंवा कनेक्टरजवळचं सोल्डर एका बाजूला सांडलंय. आणि जवळचे लोब ठीक असून ५०-६० अंशांवर एकटाच लोब उभा असेल, तर तो फीडचा किंवा बोर्डच्या कडेचा. तेव्हा फीडच्या भागासमोर, ट्रॅकला न टेकवता दहा-बारा मिमी अंतर ठेवून, ॲब्सॉर्बरची पट्टी धरा आणि पुन्हा मोजा. लोब पडला तर पुढच्या आवृत्तीत फीड ग्राउंडच्या मागे न्या. नाही पडला, तर ती पट्टी बोर्डच्या कडांना लावून बघा.